गोळ्या सुटल्या म्हणजे बरा?

"आता एकदम बरं हाय, गोळ्या कधी सुटणार?" कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात मानसोपचार ओपीडीबाहेर बाकड्यावर थोडा वेळ बसलं तरी हे कानावर येतंच. घरच्यांचा हिशोब सरळ असतो: आरडाओरडा थांबला, जेवतोय, झोपतोय, आता कामाला लागू दे. पेशंटला विचारलं तर तो वेगळंच सांगतो. रंकाळा तलावापर्यंत एकटं जाऊन यायचंय. किल्ली माझ्याकडं द्या. लग्नात माझ्यावर कुणी नजर ठेवू नका.

स्किझोफ्रेनिया या मानसिक आजारात कानात येणारे, खरे नसलेले आवाज आणि संशय बहुतेकदा आधी कमी होतात. न बोलणं, काही करावंसं न वाटणं मात्र महिनोन्‌महिने रेंगाळतं. घरात त्याला आळस म्हणतात. तो काही अंशी आजार असतो, काही अंशी गोळीची गुंगी. चालताना हात हलत नसतील, चेहरा ताठ वाटत असेल तर ते औषधाचंही असू शकतं. डॉक्टरांना सांगा, डोस बदलता येतो.

खरा घोळ होतो तो नावात. घरी या आजाराच्या गोळीला 'झोपेची गोळी' म्हणतात, मग झोप लागायला लागली की बंद! आजार दुसऱ्याच दिवशी उलटत नाही. काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी उलटतो. तोवर गोळी कुणाच्या लक्षात नसते, दोष जातो अमावास्येला नाहीतर भाऊबंदकीच्या भांडणाला. पहिल्या झटक्यानंतरही साधारण 1 ते 2 वर्षं औषध चालू ठेवतात, मग डॉक्टरच हळूहळू उतरवतात.

लिथियम, म्हणजे मूड स्थिर ठेवणारं औषध, घेणाऱ्यांना नवरात्राचं वेगळं सांगायला हवं. कडक उपवास, पाणी कमी, अंगदुखीला आयब्युप्रोफेन, किंवा जुलाब, यातल्या कशानंही लिथियमची रक्तातली पातळी चढते. हात जोरात थरथरले, तोल गेला, जीभ जड झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. तपासणीचं रक्त शेवटच्या गोळीनंतर 12 तासांनी द्यायचं, म्हणजे सकाळची गोळी रक्त दिल्यावर.

"गोळी घेतलीस का?" दिवसातून एकदाच, ठरल्या वेळी विचारा. सतत टोकणाऱ्या घरात आजार जास्त वेळा उलटतो, हे अभ्यासांतून दिसलेलं आहे.

पेशंट बरा असतानाच त्याच्याकडून धोक्याच्या खुणा लिहून घ्या: सलग 2 रात्री झोप नाही, अंघोळ टाळणं, फोन बंद. कुणी टोकलेलं त्याला चालेल, तेही तोच ठरवेल. खाली टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 लिहा, रात्रीही लागतो. कागद फ्रीजवर नको, पाहुणे वाचतात. कपाटाच्या दाराला आतून चिकटवा.