तुम्ही विचारलंत म्हणून : टाकीतल्या हिरवळीसाठी कोणतं झाड?

लोक मोबाईलवरचा एक फोटो समोर धरतात. काचेच्या टाकीत तळभर दाट हिरवी चादर आणि तिच्यावर लहान माशांचा थवा. मग प्रश्न येतो, "असं कार्पेट करायचंय, कोणतं झाड लावू?" नाशिकमध्ये हा प्रश्न इतक्यांदा येतो, की एकदा नीट लिहून ठेवलेलं बरं.

झाड सगळ्यात शेवटी ठरवा. आधी चार गोष्टी ठरू द्या : पाणी नळाचं की बोअरचं, टाकी किती खोल, झाडांना कार्बन डायऑक्साइड गॅस देणार का, आणि मासे कोणते. यांची उत्तरं मिळाली की झाडाचं नाव जवळजवळ आपोआप पुढे येतं. फोटो पाहून आधी झाड आणलं, तर दीड महिन्यात ते पिवळं पडून फिल्टरच्या तोंडाशी गोळा होतं.

हिशेबासाठी दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच टाकी धरू. तळाचा थर आणि वरची मोकळी जागा वगळून तिच्यात साधारण ५० लिटर पाणी राहतं.

सुरुवात पाण्यापासून. गंगापूर धरणातून नळाला येणारं पाणी बोअरच्या मानाने मऊ असतं. त्यात क्लोरीन असतं, पण अँटीक्लोरीनचे थेंब टाकले की ते काम होतं. बोअरचं पाणी काळ्या खडकातून झिरपून येतं आणि बरेचदा जड असतं. ज्या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि बादलीच्या कडेला पांढरा थर धरतो, ते पाणी टाकीतही तसंच वागणार. जड पाण्यात झाडं मरतातच असं नाही. नुकसान वेगळ्या जागी होतं. टाकीच्या तळाला घालायची महागडी खास माती, म्हणजे अॅक्वा सॉईल पाण्याचा पीएच खाली आणते, पण बोअरच्या पाण्यातला केएच, म्हणजे विरघळलेले कार्बोनेटचे क्षार, तिची ही ताकद थोड्याच आठवड्यांत संपवतो. म्हणजे जास्तीचे पैसे ज्या गुणासाठी मोजले, तोच गुण वाहून जातो. बोअरशिवाय इलाज नसेल, तर त्यात निम्मं आरओचं शुद्ध पाणी मिसळा. आरओच्या दुसऱ्या नळीतून वाया जाणारं पाणी मात्र वापरू नका, क्षार सगळे तिथेच साठलेले असतात.

पावसाळ्यात गोदावरीच्या पुरात दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी लागल्याच्या बातम्या सुरू झाल्या की नळालाही कधीकधी गढूळ पाणी येतं. ते थेट टाकीत ओतलं तर बारीक गाळ कार्पेटच्या पानांवर बसतो आणि त्या गाळावर शेवाळ धरतं. ड्रममध्ये रात्रभर ठेवून वरचं तीन चतुर्थांश पाणी तेवढं घ्या.

खोली आणि प्रकाश यांचा विचार एकत्रच करायचा. कार्पेटचं झाड तळाशी असतं, म्हणून दिवा किती वॅटचा यापेक्षा तळापर्यंत उजेड किती पोचतो हे महत्त्वाचं. दीड फुटाहून खोल टाकीत साध्या एलईडी पट्टीखाली मॉन्टे कार्लो हे बारीक पानांचं कार्पेटचं झाड आडवं पसरत नाही. ते उजेडाकडे लांब देठ काढतं आणि विरळ उभं राहतं. आपल्या ५० लिटरच्या टाकीला १५०० ते २००० ल्युमेनचा दिवा पुरतो. सुरुवातीला रोज सहा तास, झाडं रुजल्यावर आठ. खिडकीतून येणारं थेट ऊन नकोच.

आता गॅस, म्हणजे सीओटू. गॅस देणार नसाल तर एचसी क्यूबा आणि ग्लॉसोस्टिग्मा ही कार्पेटच्या झाडांची दोन नावं यादीतून सरळ काढून टाका. साखर आणि यीस्टची बाटली स्वस्त पडते, पण नाशिकच्या हवेत तिचा भरवसा नाही. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत यीस्ट मंदावतं आणि एप्रिलमध्ये उसळतं. वर-खाली होणारा गॅस शेवाळाला आयतं आमंत्रण देतो. त्यापेक्षा दोन बाटल्यांचं किट बरं : एका बाटलीत २०० ग्रॅम सायट्रिक अॅसिड आणि ६०० मिली पाणी, दुसरीत २०० ग्रॅम खाण्याचा सोडा आणि २०० मिली पाणी. सेकंदाला एक बुडबुडा ठेवला तर ते दोन-तीन आठवडे चालतं. सिलिंडर परवडत असेल तर तोच उत्तम. दिवा लागण्याआधी दीड-दोन तास गॅस सुरू करा आणि दिवा बंद होण्याआधी तासभर थांबवा. ड्रॉप चेकर (गॅस किती आहे ते रंगाने दाखवणारी टाकीतली कुपी) हिरवा दिसला म्हणजे ठीक, निळा असेल तर गॅस कमी, पिवळा असेल तर जास्त. मासे वर येऊन तोंड मारू लागले, तर चेकरचा रंग काहीही असो, गॅस बंद करा.

इतकं ठरलं की निवड सोपी होते.

नळाचं पाणी, सव्वा फुटाची टाकी आणि गॅस असेल, तर मॉन्टे कार्लो. एचसी क्यूबाची पानं आणखी बारीक आणि देखणी असतात, पण त्याची मुळं उथळ आणि स्वभाव नाजूक. नाशिकचा उन्हाळा त्याला सोसत नाही, म्हणून पहिल्या टाकीला ते लावू नका. गवतासारखा तळ हवा असेल तर ड्वार्फ हेअरग्रास. ते जमिनीखालून रनर सोडत पसरतं आणि गॅस कमी असला तरी तग धरतं, फक्त वेग निम्म्यावर येतो. गॅस नको असेल आणि घाईही नसेल, तर मार्सिलिया हिरसुटा. हे मुळात नेचं. पाण्याबाहेर चार पाकळ्यांचं पान काढतं, पाण्याखाली बहुधा एकच. तीन-चार महिने लागतात, पण एकदा बसलं की हलत नाही. बोअरचं जड पाणी आणि साधा दिवा असेल, तर ड्वार्फ सॅजिटेरिया. ही चादर चार-सहा इंच उंच होते, फोटोतल्यासारखी गुळगुळीत दिसत नाही, पण जगते. माझं मत विचाराल, तर नाशिकच्या निम्म्याहून अधिक घरांना हेच झाड योग्य आहे. क्रिप्टोकोरायने पार्वाही कणखर, पण इतकी हळू वाढते की वर्षभराची तयारी हवी.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. 'मॅजिक कार्पेट' नावाने बियांच्या पुड्या विकतात, त्या घेऊ नका. ओल्या मातीवर आठवड्यात हिरवंगार उगवतं, म्हणून फसायला होतं. ती रोपं निराळ्याच झाडांची असतात. टाकी भरल्यावर काही आठवड्यांत ती सडतात, तळासकट उचलली जातात आणि पाणी नासवतात. मॉन्टे कार्लो कपात किंवा कुंडीतच मिळतं. टिश्यू कल्चरचा (प्रयोगशाळेत जेलवर वाढवलेल्या रोपांचा) कप घेतला तर त्याच्यासोबत गोगलगाई आणि शेवाळ येत नाही.

तळासाठी अॅक्वा सॉईल पुढे दीड इंच, मागे अडीच-तीन इंच. आपल्या टाकीला नऊ-दहा लिटर लागते. शेतातली काळी माती घालण्याचा मोह अनेकांना होतो. ती भिजली की फुगते, जरा हात लागला की पाणी गढूळ करते आणि तिच्यातले चुनखडीचे खडे पाणी आणखी जड करतात. संगमरवराच्या पांढऱ्या खड्यांचंही तसंच. कोणत्याही वाळू-खड्यावर व्हिनेगरचे चार थेंब टाका. फेस आला तर ती वाळू नको.

लावताना कपातली जेल साध्या पाण्यात पूर्ण धुवा. राहिली तर कुजते. मॉन्टे कार्लोच्या एका कपाचे १२ ते १५ तुकडे करा आणि चिमट्याने तिरके खोचा, शेंडा तेवढा वर राहू द्या. दोन तुकड्यांत इंचभर अंतर. हेअरग्रासच्या आठ-दहा काड्यांची एकेक जुडी करा आणि लावण्याआधी इंचभर उंचीवर कापून टाका. या टाकीला चार कप आणा. एकच कप आणून तो पसरण्याची वाट पाहिली, तर मधल्या मोकळ्या जागेत शेवाळ आधी पोचतं. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत जुनी पानं विरघळल्यासारखी होतील. ती पाण्याबाहेर वाढलेली असतात, त्यांची जागा नवी पानं घेतात. रोपं उपटू नका, मेलेली पानं ओढून घ्या. नवी सॉईल अमोनिया सोडते, म्हणून पहिले दोन आठवडे आठवड्यातून दोनदा निम्मं पाणी बदला. महिनाभर मासे नकोत, आणि त्यानंतरही टेस्ट किटवर अमोनिया शून्य दिसल्यावरच सोडा.

खताच्या बाबतीत नाशिककर नशीबवान आहेत. द्राक्षबागांमुळे पिंपळगाव-दिंडोरीकडच्या कुठल्याही कृषी सेवा केंद्रात लागणारं सगळं मिळतं, तेही अॅक्वेरियमच्या बाटलीच्या कितीतरी कमी भावात. ०:५२:३४ (फॉस्फेट आणि पोटॅशचं खत), १३:०:४५ (नायट्रेट आणि पोटॅशचं) आणि फेरस ईडीटीए (लोहाचं), बस. अर्धा लिटर आरओच्या पाण्यात ४१ ग्रॅम १३:०:४५ विरघळवा. यातले १० मिली घातले की ५० लिटरच्या टाकीत नायट्रेट सुमारे १० पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम) वाढतं. दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये साडेतीन ग्रॅम ०:५२:३४. याच्या १० मिलीने फॉस्फेट सुमारे १ पीपीएम वाढतं. तिसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये १२ टक्के लोहाचं फेरस ईडीटीए २ ग्रॅम. लोह आणि फॉस्फेट एका बाटलीत मिसळू नका, साका धरतो. गॅसच्या टाकीला तिन्हींचे १०-१० मिली आठवड्यातून दोनदा, बिनगॅसच्या टाकीला एकदाच. आठवड्याच्या शेवटी निम्मं पाणी बदला. पिशवीवरचे आकडे दोनदा वाचा. १९:१९:१९ आणि १२:६१:० पिशव्यांवरून सारखीच वाटतात, पण १९:१९:१९ मध्ये युरिया आणि अमोनिया दोन्ही असतात, १२:६१:० मध्ये अमोनिया. मासे त्याने मरतात. द्राक्षावर फवारायचं तांब्याचं कुठलंही औषध टाकीच्या आसपास नको. कोळंबीला तांबं चिमूटभरही सोसत नाही.

मासे लहान तोंडाचे घ्या : निऑन टेट्रा, रासबोरा. गोल्डफिश आणि फ्लॉवरहॉर्न तळ उकरतात, त्यांच्यासोबत कार्पेट होत नाही.

लावणीला दिवाळीनंतरचा काळ सर्वांत चांगला. पाणी २० अंशांखाली जाऊ लागलं तर ५० वॅटचा हीटर २३-२४ वर लावा. मार्च संपेपर्यंत चादर बसली, तर उन्हाळा निभतो. एप्रिल-मेमध्ये पाणी ३० अंशांवर गेलं की त्यात गॅसही कमी विरघळतो आणि मॉन्टे कार्लो मधूनच तपकिरी पडू लागतं. झाकण काढून पाण्याच्या पृष्ठभागावर लहान पंखा लावा. नाशिकचा उन्हाळा कोरडा, त्यामुळे बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंश सहज उतरतं. उडालेल्या पाण्याची भर आरओच्या पाण्याने करा, नळाच्या पाण्याने केली तर क्षार साठत जातात. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दुपारी आंघोळीला घ्यावं इतकं तापलेलं असतं, म्हणून पाणी बदलायचं ते सकाळी सहा-सातला.

चादर पूर्ण झाली की बहुतेक जण हात लावायला घाबरतात, आणि तिथेच ती जाते. मॉन्टे कार्लोचा थर दीड इंचाच्या वर गेला, की खालच्या देठांना उजेड मिळत नाही, ते कुजतात आणि एके सकाळी अख्खा गालिचा सुटून वर तरंगतो. दर तीन आठवड्यांनी वाकड्या कात्रीने तो अर्ध्या-पाऊण इंचावर आणा. कापण्याआधी फिल्टर बंद करा, तुकडे जाळीने गोळा करा आणि लगेच निम्मं पाणी बदला. पहिल्या छाटणीनंतर तळ आठवडाभर ओकाबोका दिसेल. त्या आठवड्यात खत वाढवू नका, दिव्याचा वेळही नाही.