एस-५ ची कार्डं शोधायला अलंगला

आमच्या साखर कारखान्याच्या शुगर हाउसमध्ये (जिथं रसाची साखर होते) सीमेन्सचा सिमॅटिक एस-५ ११५यू अजून चालतो, आणि चांगला चालतो. हा पीएलसी, म्हणजे पॅनेलमध्ये बसून यंत्रं चालवणारा औद्योगिक संगणक; त्याची इनपुट-आउटपुट कार्डं रॅकमध्ये खोचलेली असतात. ही मालिका कंपनीनं १९७९ साली आणली. पुढं १९९० च्या दशकाच्या मध्यात एस-७ आला, आणि आता एस-५ चं नवं कार्ड मिळणं केव्हाच बंद झालंय. ऐन गळितात एखादं इनपुट कार्ड गेलं की साखर शिजवायचे पॅन थांबतात, मागं रस तुंबतो, गव्हाणीपाशी उसाच्या गाड्यांची रांग लागते. तेव्हा स्पेअर शोधायचे ते ऑफ सीझनलाच. यंदा एप्रिलमध्ये त्यासाठी गुजरातेत भावनगरजवळच्या अलंगला, जुनी जहाजं तोडतात तिथं, जाऊन आलो.

अलंगच का, याचं कारण सरळ आहे. जहाज साधारण २५ ते ३० वर्षं चालवून तोडायला काढतात. म्हणजे आज तिथं किनाऱ्याला लागणारी बरीचशी जहाजं १९९० च्या दशकात बांधलेली, आणि आपली पॅनेलंही त्याच पिढीची. त्यातही जहाज कुठं बांधलेलं होतं ते विचारा. युरोपातलं असेल तर सीमेन्स, एबीबी सापडण्याची शक्यता जास्त. जपानी असेल तर ओमरॉन, मित्सुबिशी.

मात्र निघण्याआधी शेजारच्या कारखान्यांत फोन करा. ज्यांनी पॅनेल बदललंय त्यांच्या स्टोअरमध्ये जुनी रॅक धूळ खात पडलेली असते, आणि तो माल आपल्याच कामातून निघालेला असतो. मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याची तपकीर गल्ली कपॅसिटर, रिले, ऑप्टोकपलर यांसाठी उत्तम. अख्खं कार्ड नंबरासकट हवं असेल तर तिथं फार आशा धरू नका.

वांद्रे टर्मिनसहून भावनगरला थेट रेल्वे आहे. सामान बरंच असेल तर गाडी घेऊन हजिऱ्याला जा आणि तिथून घोघ्याची रो-रो फेरी धरा. ही सेवा नोव्हेंबर २०२० पासून आहे, गाडीसकट जाता येतं आणि खंबातच्या आखाताचा मोठा वळसा वाचतो. पावसाळ्यात वेळापत्रक आधी विचारून घ्या. मुक्काम भावनगरातच करावा. अलंग तिथून ५० किलोमीटरच्या आसपास आहे.

प्रत्यक्ष तोडणीच्या यार्डात परवानगीशिवाय सोडत नाहीत, आणि आपलं तिथं कामही नसतं. त्रापजहून अलंगकडं जाणाऱ्या रस्त्याच्या दुतर्फा जहाजावरच्या मालाची दुकानं आहेत, त्यांना खाडा म्हणतात. एकात नुसती भांडी, दुसऱ्यात फर्निचर, पुढं केबलींचे ढीग. ऑटोमेशनचा माल ठेवणारे वेगळे. त्यांतले जाणकार व्यापारी भावनगर शहरात कार्डं साफ करून, नंबर लावून ठेवतात. तिथं भाव चढा असतो, पण मला तो रास्त वाटला. हिंदीवर काम भागतं. फोटो विचारून काढा.

आता मुख्य गोष्ट. नुसतं डोळ्यांनी बघून कार्ड घेऊ नका. मी छोटी रॅक, पॉवर सप्लाय, सीपीयू (प्रोग्राम चालवणारं मुख्य कार्ड), इनपुटांना द्यायला २४ व्होल्टचा एसएमपीएस, ॲनालॉग कार्डांना मोजून करंट द्यायला लूप कॅलिब्रेटर आणि टीटीवाय केबल जोडलेला लॅपटॉप सोबत नेला होता. सीपीयूचा पोर्ट २० मिलिअँपिअर करंट लूपचा (टीटीवाय) असतो, साधी सिरियल केबल चालत नाही. प्रत्येक इनपुटला २४ व्होल्ट देऊन लॅपटॉपवर त्याचा बिट बदलतो का पाहिलं, आउटपुटवर बल्ब लावला. नुसता एलईडी लागला म्हणून समाधान मानू नका, लोड द्या. व्यापाऱ्यांनी खुशाल टेबल आणि वीज दिली. जो चाचणीला नाही म्हणाला, त्याच्याकडून काहीच घेतलं नाही.

जहाजावरच्या कार्डाचा शत्रू खारी हवा. इंजिन कंट्रोल रूम वातानुकूलित असते, तिथला माल बहुधा स्वच्छ निघतो. डेकवरच्या पॅनेलातला असेल तर मागच्या कनेक्टरच्या पिना भिंगाखाली बघा. हिरवट थर दिसला तर कार्ड परत ठेवा, आज चाललं तरी. आयसीवरचा चार आकडी डेट कोड वाचा: पहिले दोन आकडे वर्षाचे, पुढचे दोन आठवड्याचे. ९३२७ म्हणजे १९९३ चा सत्ताविसावा आठवडा. कार्ड जुनं आणि एकाच चिपवर अलीकडचा कोड, तर दुरुस्ती झालेली आहे. कुणी केली ते विचारा.

४६० नंबरचं ॲनालॉग इनपुट कार्ड घेताना त्यात खोचलेली रेंज कार्डं, म्हणजे कुठल्या प्रकारचा सिग्नल घ्यायचा ते ठरवणारी छोटी कार्डं, तपासा. पीटी-१०० या तापमानाच्या सेन्सरची वेगळी, ४-२० मिलिअँपिअर सिग्नलची वेगळी. ती नसतील तर मुख्य कार्ड घेऊन उपयोग नाही. वायरी जोडायचे पुढचे फ्रंट कनेक्टर सोबतच मागून घ्या, सुटे शोधायला फार त्रास होतो. पॉवर सप्लाय २४ व्होल्ट डीसीचा की २३० एसीचा, हे लेबलवर वाचा. जीएसटी बिलावर प्रत्येक कार्डाचा पूर्ण ऑर्डर नंबर लिहून घ्या, म्हणजे आपल्या अकाउंट्स खात्याशी वाद होत नाही, आणि टेस्टिंग वॉरंटीची मुदतही त्यावरच लिहून घ्या.

परत आल्यावर पॉवर सप्लायमधले इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर १०५ अंशांचे घालून बदलले. इतक्या वर्षांत ते सुकलेलेच असतात. सीपीयूसोबत आलेलं मेमरी मॉड्यूल काढून ओव्हरऑल रिसेट द्या, म्हणजे सीपीयूची मेमरी पूर्ण पुसा. त्यात जहाजाचा प्रोग्राम असतो, आउटपुट जोडून तो चालवू नका. शिवाय आपल्या प्रोग्रामची प्रत ईप्रॉममध्ये (वीज गेली तरी प्रोग्राम टिकवणाऱ्या चिपमध्ये) नसेल तर आधी ती करून घ्या, उजेडानं पुसली जाऊ नये म्हणून चिपच्या खिडकीवर स्टिकर लावा, आणि सीपीयूची मेमरी जपणारी बॅटरी बदलायची ती पॅनेलची वीज चालू असतानाच.