जुना रंधा घेताना आणि विकताना

सुतारकामाची जुनी हत्यारे विकत घेणारे लोक आपल्याकडे वाढत आहेत, याचा मला आनंद आहे. परंतु त्यांतली बरीच हत्यारे उपाहारगृहांच्या भिंतींवर किंवा दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात जाऊन बसतात आणि तिथे जाण्यापूर्वी ग्राइंडरच्या तारेच्या चाकाखाली घासून चकचकीत केली जातात, याचे तितकेच वाईट वाटते. माझे मत स्पष्ट आहे. जुने हत्यार विकताना ते चमकवू नये आणि घेताना त्याची चमक पाहू नये. ते कुठे तयार झाले, केव्हा तयार झाले आणि अजून किती काम देईल, हे सारे त्याच्या अंगावरच लिहिलेले असते, आणि घासणारा माणूस नेमके तेच पुसून टाकतो.

आपल्या बाजारात सर्वाधिक दिसतो तो बिडाचा रंधा, म्हणून त्याच्याविषयी सविस्तर लिहितो. पुण्याच्या जुन्या बाजारात आणि मुंबईच्या चोरबाजारात मिळणारे असे बहुतेक रंधे अमेरिकेतल्या स्टॅन्ले कंपनीचे, इंग्लंडमध्ये तयार झालेल्या स्टॅन्लेचे किंवा इंग्लंडमधल्याच शेफिल्डच्या ‘रेकॉर्ड’ छापाचे असतात. लिओनार्ड बेली या कारागिराची पेटंटे कनेक्टिकटमधल्या न्यू ब्रिटन गावच्या स्टॅन्ले कंपनीने १८६९ मध्ये विकत घेतली आणि त्यानंतर या घडणीचा रंधा जगभर पसरला. रेकॉर्डचे निळे रंधे १९३१ पासूनचे. त्यांचे क्रमांकही स्टॅन्लेच्याच धर्तीवर, फक्त आधी शून्य लावलेले. क्रमांक ४ म्हणजे नऊ इंची सफाईचा रंधा, क्रमांक ५ चौदा इंची, क्रमांक ७ बावीस इंची. साडेपाच इंचांचा चिमुकला क्रमांक १ संग्राहकांच्या बाजारात त्याच्या अनेक पट मोठ्या भावंडांपेक्षा कितीतरी महाग जातो, कारण तो दुर्मीळ आहे. कामाला मात्र तो फारसा येत नाही. ज्याला खरोखर लाकूड रंधायचे आहे त्याने क्रमांक ४ किंवा ५ घ्यावा. ते लाखोंनी बनले, म्हणून आजही परवडतात.

रंधा हाती घेतल्यावर मी आधी सगळे भाग सुटे करतो, आणि विक्रेता तसे करू देत नसेल तर पुढे जात नाही. पाते ज्या तिरक्या बैठकीवर टेकते तिला फ्रॉग म्हणतात. तो काढला की खाली, फ्रॉगच्या मागे, तळावर अनेकदा पेटंटच्या तारखा ओतलेल्या दिसतात. तिथे मार्च आणि ऑगस्ट १९०२ यांच्या जोडीला एप्रिल १९१० अशी तिसरी तारीख असेल, तर तो तळ साधारण १९१० ते १९१८ या काळातला असतो. पुढची मूठ ठेंगणी असेल, तर तेही वय सांगते. उंच मूठ त्यानंतर आली. पात्यावर हृदयाच्या आकृतीत ‘एसडब्ल्यू’ अक्षरे असतील, तर ते पाते १९२० ते १९३५ च्या आसपासचे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या रंध्यांत पितळ वाचवले गेले, त्यामुळे पाते किती खोल कापेल हे जुळवण्याचे त्यांचे चाक पितळी नसून अनेकदा कडक रबराचे असते आणि मुठी शिसवीऐवजी साध्या लाकडाला काळा रंग दिलेल्या असतात. हे सगळे वाचता येते ते गंजाच्या आणि काळ्या लेपाच्या आड सुरक्षित राहिलेल्या खुणांवरून. तळ आणि बाजू घासण्याच्या यंत्राच्या फिरत्या पट्ट्यावर घासून पांढऱ्या केल्या की बीड पातळ होते, कडा गोलावतात, ओतीव अक्षरे बोथट होतात, आणि मूळचा भट्टीत भाजलेला काळा लेप एकदा गेला की तो परत येत नाही.

एकदा एका विक्रेत्याने माझ्या हातातला मळकट क्रमांक ५ पाहून आपुलकीने विचारले, “साहेब, पॉलिश करून देऊ का? नवा दिसेल.” मी त्याला तो आहे तसाच द्यायला सांगितले, आणि भाव त्याने पहिल्यापेक्षा कमीच लावला. हा व्यवहार अनेकदा असाच उलटा चालतो. जाणकार ज्यासाठी जास्त मोजेल तेच हत्यार बाजारात भंगाराच्या रांगेत पडलेले असते.

गंजापेक्षा मला तड्यांची भीती जास्त वाटते. बीड ठिसूळ असते. रंधा हातून फरशीवर पडला की तोंडाच्या, म्हणजे तळातल्या ज्या फटीतून पाते बाहेर येते तिच्या, कोपऱ्यापासून बाजूच्या भिंतीत बारीक चीर जाऊ शकते आणि ती मळाखाली सहज लपते. म्हणून सुटा तळ दोन बोटांत हलकेच धरून त्यावर टिचकी मारावी. अखंड असेल तर आवाज खणखणीत येतो, चीर असेल तर बद्द येतो. मग पोलादी पट्टी तळावर उभी धरून उजेडाकडे पाहावे. टाच (मागचे टोक), तोंडाची पुढची कड आणि नाक (पुढचे टोक) हे तीन भाग पट्टीला टेकले तर मधल्या किरकोळ पोकळीने काम अडत नाही. पात्याची पाठ धारेजवळ तपासावी, कारण तिथले खोल खड्डे उगाळून काढता काढता निम्मे पाते संपते. पात्यावर निळसर डाग दिसला तर कोणीतरी कोरड्या चाकावर धार लावताना ते तापवले आहे असे समजावे. सुमारे ३०० अंशांना पोलाद निळे पडते आणि त्याचे पाणी उतरते. असे पाते धार घेते, पण ती टिकत नाही.

स्क्रूंकडे लोक दुर्लक्ष करतात. स्टॅन्लेच्या स्क्रूंचे आटे खास त्यांच्याच मापाचे होते, त्यामुळे एखादा हरवला तर हार्डवेअरच्या दुकानात तो मिळत नाही. शिवाय खोली जुळवणाऱ्या पितळी चाकाचे आटे डावे असतात. हे ठाऊक नसलेला माणूस चाक नेहमीच्या दिशेने सोडवायला जाऊन पकडीने जोर लावतो आणि दांडा मोडतो.

पटाश्यांबाबत थोडक्यात सांगतो. ‘कास्ट स्टील’ असा ठसा असलेली जुनी इंग्रजी पटाशी दिसली की ती नीट पाहावी. शेफिल्डमध्ये बेंजामिन हंट्समन याने १७४० च्या दशकात मुशीत पोलाद वितळवण्याची जी रीत बसवली, तिच्यातून आलेले हे पोलाद आहे आणि त्याची धार अतिशय बारीक होते. फार जुन्या पटाश्यांत अंग मऊ लोखंडाचे आणि धारेकडे पोलादाचा थर तापवून, ठोकून जोडलेला असतो; दगडावर थोडी उगाळली की दोन धातूंमधली रेघ स्पष्ट दिसते. तो थर किती लांबपर्यंत उरला आहे, यावरच पटाशीचे मोल ठरते.

आपल्याकडच्या लाकडी रंध्यांना बाजारात जवळजवळ किंमत नाही, ही मला खरी हळहळ आहे. गावचा सुतार पाते तेवढे बाजारातून आणायचा आणि शिसवीचे किंवा बाभळीचे अंग स्वतः घडवायचा. त्यावर कोणत्याही कंपनीचा ठसा नसतो, म्हणून संग्राहक त्याला हात लावत नाहीत; भंगारवाला पाते काढून घेतो आणि लाकूड सरपणात जाते. अशाच एका रंध्याच्या पाचरीमागच्या कोपऱ्यात मला हळद-कुंकवाचा घट्ट बसलेला थर सापडला, खंडेनवमीच्या कितीतरी पूजांचा. तो मी काढला नाही. असे हत्यार एखाद्या घरातून घ्यायचे असेल, तर घरातल्या आजोबांना किंवा काकूंना ते कोणाचे होते, त्यावर काय काम व्हायचे हे विचारावे आणि लिहून ठेवावे; पुढे विकताना ती माहिती हत्यारासोबतच द्यावी.

साफसफाई करूच नये असे माझे म्हणणे नाही. सैल गंज रॉकेल आणि बारीक स्टील वूलने निघतो. गंज जास्त असेल तर धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बॅटरी चार्जर लावून विजेने काढावा. हत्यार चार्जरच्या ऋण टोकाला जोडले, तर या रीतीत शाबूत धातू झिजत नाही. दुसऱ्या टोकाला मात्र साधे लोखंड लावावे, स्टेनलेस मुळीच नाही, कारण त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरते.

विकताना कायद्याकडे डोळेझाक करू नये. शंभर वर्षे किंवा त्याहून जुनी, ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू देशाबाहेर पाठवण्यावर १९७२ च्या पुरावशेषविषयक कायद्याने बंधने आहेत, त्यामुळे परदेशी गिऱ्हाईक असेल तर वस्तू पुरावशेषात मोडत नाही असा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा दाखला आधी मिळवावा. जुन्या अमेरिकी रंध्यांच्या मुठी अनेकदा ब्राझीलच्या शिसवीच्या असतात आणि त्या लाकडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९९२ पासून कडक निर्बंध आहेत. हस्तिदंती मोजपट्ट्यांच्या खरेदी-विक्रीत तर देशातल्या देशातही पडू नये.

राहिला प्रश्न गिऱ्हाइकाचा. मी रंधा विकतो तेव्हा सुट्या भागांची छायाचित्रे देतो, पात्याची उरलेली लांबी सांगतो, आणि फ्रॉग एका काळातला व तळ दुसऱ्या काळातला असेल तर तेही आधीच लिहितो. काम करणाऱ्याला त्याने फरक पडत नाही, पण संग्राहकाला पडतो. कुरियरने पाठवताना पाते, फ्रॉग आणि तळ वेगवेगळे गुंडाळावेत, मागच्या मुठीभोवती जाड पुठ्ठा घालावा आणि खोक्यात काहीही हलणार नाही इतके ते भरावे, कारण वाटेत खोके आदळले तर बिडाला तडा जाऊ शकतो.