वगळलेलं प्रकरण

पहिल्या कादंबरीच्या करारावर सही केली तेव्हा मी तो वाचला नव्हता. पेन्सिलीने फुली मारून ठेवली होती तिथे सही केली आणि मोकळी झाले. पहिलं पुस्तक येतंय म्हटल्यावर कलमं कोण वाचत बसतं?

तो नीट वाचायची वेळ नऊ वर्षांनी आली. पुस्तक कुठेच मिळत नाही, असं वाचक कळवत होते. सहामाही हिशेबाच्या कागदावर विक्रीच्या रकान्यात कधी शून्य, कधी दोन आणि एकदा चक्क उणे अकरा. विकलेलं पुस्तक उणे कसं होतं, ते करार वाचल्यावर समजलं. दुकानात गेलेली प्रत म्हणजे विकलेली प्रत नव्हे. ती परत येऊ शकते, आणि आली की आधी दिलेली रॉयल्टी पुढच्या हिशेबातून वळती होते. यात कोणी फसवलं नव्हतं. सगळं लिहिलेलं होतं, माझ्याच सहीच्या वर.

त्याच करारात मला हवं ते कलमही सापडलं. पुस्तक बाजारात उपलब्ध नसेल आणि लेखी मागणी केल्यापासून सहा महिन्यांत नवी आवृत्ती निघाली नाही, तर हक्क लेखकाकडे परत. मी पत्र पाठवलं, पोच जपून ठेवली, सहा महिने थांबले. उत्तर आलं नाही. दुसरं पत्र पाठवलं तेव्हा दोन ओळींचं उत्तर आलं आणि हक्क माझे झाले. दुसऱ्या कादंबरीच्या बाबतीत मात्र हे जमलं नाही. तिच्या करारात ‘कोणत्याही स्वरूपात उपलब्ध’ असे शब्द आहेत. मागणीनुसार एकेक प्रत छापायची सोय झाल्यापासून पुस्तक संपतच नाही. एका संकेतस्थळावर त्याचं पान असलं की ते ‘उपलब्ध’. ती कादंबरी अजून प्रकाशकाकडेच आहे. नव्याने करार करणाऱ्यांनी एवढी एक व्याख्या तरी वाचावी, आणि वर्षाला अमुक प्रतींपेक्षा कमी विक्री झाली तर हक्क परत, असा आकडा घालून घ्यावा.

हक्क आले म्हणजे पुस्तक आलं, अशी माझी समजूत होती. आला तो फक्त मजकूर. मुखपृष्ठाचं चित्र चित्रकाराचं, अक्षरजुळणी प्रकाशकाची. माझ्याकडची फाइल जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमधली. ती बदलून घेतली तर रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसले आणि ‘क्ष’च्या जागी चौकोन आले. पुढचे दीड महिने छापील प्रत शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहिली. स्वतःचं पुस्तक इतक्या सावकाश मी लिहितानाही वाचलं नव्हतं.

ई-पुस्तकाचा भाग त्यामानाने सरळ होता. ॲमेझॉनने किंडल आणि लेखकांसाठीची प्रकाशनसेवा २००७ साली आणली, ७० टक्के रॉयल्टीचा पर्याय २०१० मध्ये दिला. त्या दरासाठी किंमत ठरावीक पट्ट्यात असावी लागते, नाहीतर ३५ टक्के. ई-पुस्तक तीन महिने फक्त त्यांच्याकडेच ठेवण्याची एक योजना आहे. ते नव्वद दिवस आपोआप पुढे वाढवण्याच्या चौकटीतली खूण काढायला मी विसरले होते. छापील आवृत्तीच्या आयएसबीएनचं, म्हणजे पुस्तकाच्या ओळखक्रमांकाचंही असंच. सेवा फुकट देते तो क्रमांक त्याच सेवेपुरता चालतो, दुसरीकडे पुस्तक न्यायचं तर तेरा आकडे नवे. मी स्वतःचा घेतला.

आणि मग माझ्या हातून मूर्खपणा झाला. मूळ हस्तलिखितात असलेलं एक प्रकरण संपादकबाईंनी त्या वेळी काढायला लावलं होतं. नायिकेची आई आपलं लहानपण सांगते, चोवीस पानं. त्यावरून आम्ही फोनवर तासभर भांडलो होतो. ‘छान आहे, पण इथे कादंबरी थांबते,’ एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या. आता अडवणारं कोणी नव्हतं. ते प्रकरण मी जसंच्या तसं परत घातलं. पुस्तक ३०४ पानांचं झालं.

छपाईसाठी मुखपृष्ठ करताना पुढचं पान, कणा आणि मलपृष्ठ एकाच सलग फाइलमध्ये लागतं. कण्याची रुंदी पानांच्या संख्येवर आणि कागदावर ठरते. मी निवडलेल्या क्रीम कागदाला पानामागे ०.००२५ इंच, म्हणजे ३०४ पानांना ०.७६ इंच. पांढरा घेतला असता तर कणा जेमतेम दोन मिलिमीटरनी कमी झाला असता, पण तेवढ्याने कण्यावरचं नाव कडेकडे सरकलेलं दिसतं. मुखपृष्ठकाराने दोनदा बजावलं, ‘पानं पक्की झाल्याशिवाय मला सांगू नका.’ मी म्हटलं, पक्की आहेत.

नमुना प्रत आली. मुखपृष्ठावर ‘विक्रीसाठी नाही’ असा करडा पट्टा होता. मी ती वाचक म्हणून वाचायला घेतली, हातात पेन न घेता. दीडशेव्या पानापर्यंत बैठक मोडली नाही. मग आईचं लहानपण सुरू झालं आणि तिसऱ्या पानावर मी उठून पाणी प्यायला गेले. परत आले ते पुढे किती पानं राहिलीत हे चाळत. स्वतःच्याच पुस्तकात!

दुसऱ्या दिवशी प्रकरण काढलं. ३०४ ची २८० पानं झाली, कणा ०.७६ चा ०.७० वर आला, अनुक्रमणिका बदलली, मलपृष्ठावरचा मजकूर पुन्हा मध्यावर आणावा लागला. मुखपृष्ठकार काही बोलला नाही, फक्त बिलात एक ओळ वाढली. ती मी निमूटपणे भरली.

मुद्रितशोधन, मांडणी, मुखपृष्ठ, सगळ्याला माणसं मिळाली. ‘इथे थांबते’ असं सांगणारं माणूस मी शोधलंच नव्हतं, कारण त्याची गरज आहे असं वाटलं नव्हतं. संपादकबाई आता नोकरीत नाहीत, स्वतंत्रपणे कामं घेतात. नवी कादंबरी पाहाल का, असं विचारायला फोन केला आणि धीर करून त्या प्रकरणाची सगळी हकिगत सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

‘कुठलं प्रकरण म्हणालात?’ त्यांनी विचारलं. त्यांना काही आठवत नव्हतं.