किरकोळ अंगाची पोरं आणि मिडफिल्ड

आज संध्याकाळी नेरूळच्या मैदानावर मुलांचा फुटबॉलचा सराव बघताना एकच गोष्ट खटकत राहिली. पास येईपर्यंत मिडफिल्डरची, म्हणजे मैदानाच्या मधल्या भागात खेळणाऱ्याची, नजर चेंडूवरून हलतच नाही. पाठीमागून कुणी आलं की चेंडू गेलाच! पास निघण्याआधी दोन्ही खांद्यांवरून मागे बघायचं, अंग तिरकं ठेवायचं आणि चेंडू लांबच्या पायावर घ्यायचा. वळायला जागा मिळते.

क्रोएशियाचा मिडफिल्डर लुका मॉड्रिच बघा. त्याच्या डिनामो झाग्रेब क्लबने त्याला २००३ मध्ये बोस्नियातल्या झ्रिन्स्की मोस्तार क्लबला लोनवर, म्हणजे तात्पुरतं खेळायला, पाठवलं. लीग धसमुसळी, हा अंगाने किरकोळ, तरी टिकला. २००८ला इंग्लंडचा टॉटनहॅम क्लब, २०१२ला स्पेनचा रिअल माद्रिद, २०१८ला बॅलन डी'ओर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार. आपल्याकडे असल्या किरकोळ पोरांना सरळ विंगवर, म्हणजे मैदानाच्या कडेला, ढकलतात, फार वाईट वाटतं. त्यांना मध्येच खेळवा हो! सरावात छोट्या चौकोनात चार विरुद्ध दोन खेळवा, प्रत्येकाला चेंडूला फक्त दोन टच.