डेल्फिनियमची वही: हरवलेल्या पाट्या आणि पोकळ कोंब

गेल्या हंगामात पाट्यांवरची शाई उन्हापावसात उडाली आणि वाफ्यात चार अनोळखी झाडं उरली. चारही 'डेल्फिनियम', म्हणजे उंच तुऱ्यांची फुलझाडं, म्हणूनच आणली होती. त्यांची रोपं वाढवायची, तर आधी कोण कोण आहे ते कळायला हवं, कारण प्रत्येकाची रीत वेगळी. म्हणून फुलं येईपर्यंत थांबलो आणि झाडांना अ, ब, क, ड अशी नावं दिली.

'अ'चा निकाल सर्वांत आधी लागला. पानं शेपूसारखी बारीक चिरलेली. फूल उघडून पाहिलं, तर आतल्या पाकळ्या जुळून एकच झालेली. फुलं वाळल्यावर प्रत्येक फुलाजागी एकच शेंग. म्हणजे हा लार्कस्पर, एका हंगामाचा पाहुणा. खऱ्या बहुवर्षायू डेल्फिनियमला एका फुलातून बहुधा तीन शेंगा येतात. माझ्या मते ओळखीची ही सर्वांत भरवशाची खूण. रंगावर जाऊ नका, रंग दोघांचेही सारखेच.

'ब' छातीइतका उंच, पानं हाताच्या पंजासारखी रुंद, तुरा एकसंध आणि गच्च. हा डेल्फिनियमच्या इलेटम गटातला संकर. इथे फुलाची रचना नीट पाहण्यासारखी असते. आपण ज्यांना पाकळ्या म्हणतो त्या खरं तर पाच रंगीत निदलं, म्हणजे फुलाची बाहेरची दलं. वरच्या निदलाची मागे शेपटी होते. कळी मिटलेली असताना या शेपटीमुळे ती डॉल्फिनसारखी दिसते आणि झाडाचं नावही त्यावरूनच आलं. खऱ्या पाकळ्या म्हणजे मधला छोटासा झुबका. इंग्रजीत त्याला 'बी' म्हणतात, मधमाशी या अर्थाने. आपल्याकडे बी म्हटलं की बियाणंच आठवतं, म्हणून वहीत मी 'माशी' लिहितो. 'ब'चा रंग गडद जांभळा, माशी पांढरीशुभ्र. पॅसिफिक जायंट या डेल्फिनियमच्या वाणमालिकेतल्या 'किंग आर्थर'चं वर्णन असंच आहे ('ब्लॅक नाइट'ची माशी काळी, 'गॅलाहाड' फूल-माशीसकट पांढरा). पण ही मालिका बियांपासून वाढवतात, त्यामुळे रोपारोपांत फरक पडतो. मी पाटीवर 'जांभळा, पांढरी माशी' एवढंच लिहिलं. अंदाजाने लिहिलेलं नाव दोन वर्षांनी आपल्यालाच खरं वाटायला लागतं.

'क' कमरेएवढा, फांद्या फुटलेला, तुरे विरळ, फुलं एकेरी आणि आकाशी. बेलाडोना गट. यात फार डोकं खाजवावं लागलं नाही.

'ड'ने मात्र फसवलं. पानं जवळजवळ 'ब'सारखीच. फुलं आली तेव्हा शेपटीच नाही, वर टोपी! हा अ‍ॅकोनाइट, म्हणजे बचनागाचा भाऊबंद. डेल्फिनियमही विषारीच, पण हा त्याहून भयंकर. हातमोजे घालून उचलला आणि वाटेपासून लांब लावला. फुलाआधी केवळ पानांवरून या दोघांत फरक सांगण्याचा आत्मविश्वास माझ्यात आता उरलेला नाही.

थंडी ओसरताना: छाट कलमं

'ब' आणि 'क'च्या गड्ड्यांतून कोंब फुटले. बियांतून हुबेहूब तेच झाड मिळेल याची खात्री नसते, म्हणून आवडलेला रंग टिकवायचा तर कलमच करायला हवं. कोंब ७-८ सेंमी झाल्यावर एकूण ९ घेतले. पहिले ४ मातीच्या वर, सोयीच्या जागी कापले. तिथेच चूक झाली. डेल्फिनियमचा दांडा वाढता वाढता पोकळ होतो, पोकळीत पाणी शिरतं आणि कलम आतून सडतं. चारही दहा दिवसांत मऊ पडली. वासही आला.

उरलेले ५ घेताना माती बाजूला सारून कोंब गड्ड्याला जिथे चिकटलेला असतो तिथवर गेलो आणि गड्ड्याचा छोटा तुकडा सोबत येईल असा काप घेतला. कापलेली बाजू भरीव, पांढरी दिसायला हवी. नळी दिसली तर ते कलम लावूच नका. खालची पानं काढली आणि ओल्या पर्लाइटमध्ये (पांढरे, हलके, सच्छिद्र खडे) खोचली. भांडं बशीत ठेवून बशीत बोटाच्या पेराएवढं पाणी. उजेड भरपूर, थेट ऊन नाही. वरून प्लॅस्टिकची पिशवी घालायचा मोह आवरला, कारण कोंदट हवेत ही कलमं फार लवकर कुजतात.

चौथ्या आठवड्यात एक हलकेच उपसून पाहिलं: चार पांढऱ्या मुळ्या! पाचपैकी ४ रुजली. पाचवं हिरवं आहे, पण हट्टी आहे.

बिया

शेंगा तपकिरी होऊन टोकाला उघडू लागल्या की बिया घ्यायच्या. उबदार जागी ठेवलेल्या बियांची उगवण झपाट्याने घटते, म्हणून मी घट्ट झाकणाच्या डबीत फ्रिजमध्ये ठेवल्या होत्या. कलमांच्याच आठवड्यात 'ब'च्या ३०-३० बिया दोन ट्रेमध्ये पेरल्या आणि वर पातळ मातीचा थर दिला. एक ट्रे घरात, साधारण २४ अंशांना. दुसरा थंड व्हरांड्यात, १२ ते १४ अंशांना. तीन आठवड्यांनी घरातल्या ट्रेमध्ये ५ रोपं, व्हरांड्यात २२. ऊब दिली की बी लवकर उगवतं, हा टोमॅटोवरून आलेला समज इथे अगदी उलटा पडतो. घरातला ट्रेही मग व्हरांड्यात हलवला, तर आणखी ६ आली.

मर रोगाने तीन रोपं गेली. पाणी वरून घालत होतो. आता खालून देतो.

आजची स्थिती

रुजलेली ४ कलमं कुंड्यांत. मूळ गड्ड्यांवर मोजकेच दांडे ठेवले, नाहीतर तुरे बारीक येतात. गोगलगाईंनी 'क'चे दोन कोंब एका रात्रीत साफ केले, म्हणून रोज रात्री बॅटरी घेऊन फेरी असते. घरचे हसतात.

रोपांना खरी पानं येऊ लागली आहेत. बहुतेकांची रुंद, तीन खाचांची. एका रोपाचं पान मात्र बारीक, दोऱ्यासारखं चिरलेलं. बिया गोळा करताना 'अ' आणि 'ब' एकाच कागदी पिशवीत गेले होते, हे आज आठवलं. त्या रोपाला वेगळी कुंडी दिली आहे आणि पाटीवर प्रश्नचिन्ह काढलंय. यावेळी पेन्सिलीने, ती उडत नाही.