चोर्ला घाट उतरायच्या आधी ब्रेकची डिस्क बघा की

पावसाळ्यात बेळगावात गाडी दोन दिवस उभी ऱ्हायली की डिस्कवर (चाकाबरोबर फिरणारी ब्रेकची लोखंडी चकती) तांबूस गंज येतोच, घाबरू नका, चार ब्रेक मारले की डिस्कला दाबणारे पॅडच तो खरवडून काढतात. ब्रेक मारल्यावर पेडल थरथरतंय, स्टिअरिंग हलतंय, तर मात्र बघा, बहुतेक वेळा डिस्कची जाडी सगळीकडं सारखी ऱ्हायलेली नसते, लोक तिला वाकडी झाली म्हणतात. कडेला बोट फिरवा (गार झाल्यावर हं!), उंचवटा लागला म्हणजे डिस्क झिजलीय, मग मायक्रोमीटर (जाडी मोजायचं साधन) लावा, कमीत कमी जाडी किती पाहिजे ते बहुतेक डिस्कवरच कोरलेलं असतंय. आमच्या उद्यमबागेत (बेळगावची औद्योगिक वसाहत) डिस्क घासून सपाट करून देणाऱ्या लेथवाल्यांना काय तोटा नाही, खरं त्या आकड्याच्या खाली जाणार असेल तर घासून घेऊ नका, पातळ डिस्क लवकर तापते आणि घाटात नेमकं तेच नको. बदलताना दोन्ही बाजूंच्या बदला, पॅडपण नवीन. हबवरचा (डिस्क ज्याच्यावर बसते तो चाकाचा मधला भाग) गंज वायर ब्रशनं काढायचा, घाईत हेच ऱ्हातंय, मग थोड्या दिवसांनी नवी डिस्कपण थरथरते! नव्या डिस्कवरचं तेल ब्रेक क्लीनरनं पुसा, आणि पहिले दोन-तीनशे किलोमीटर उगाच करकचून ब्रेक मारू नका.